चौथ्या मजल्यावर पाच फुटी फिशटँक: स्लॅबला झेपेल का?

जलपर्णी
मंडळी, एक मोठा निर्णय घ्यायचाय आणि मन होत नाहीये. बाबा नोकरीतून निवृत्त होऊन आता आमच्याकडे राहायला आलेत. तरुणपणी त्यांच्याकडे मासे होते. खोलीतले दिवे बंद करून टँकसमोर तासन् तास बसायचे, असं आई सांगायची. त्यांच्यासाठी पाच बाय दोन बाय दोन फुटांचा टँक घ्यायचा विचार आहे. घर चौथ्या मजल्यावर, इमारत आरसीसीची आणि वीसेक वर्षं जुनी. बाबांच्या मनात असं आहे की टँक हॉलच्या मधोमध ठेवायचा, म्हणजे बैठक एकीकडे, जेवणाचं टेबल दुसरीकडे आणि मासे दोन्ही बाजूंनी दिसतील.

विक्रेता म्हणतो, "काही होत नाही, सगळे ठेवतात." पण मी रात्री पाण्याचा हिशेब केला आणि झोप उडाली. ज्यांनी वरच्या मजल्यावर मोठा टँक ठेवलाय किंवा ज्यांना बांधकामातलं कळतं, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खुशालचेंडू
ताई, बिनधास्त ठेवा. माझा सहा फुटी टँक तिसऱ्या मजल्यावर आठ वर्षं आहे, साधी चीरसुद्धा पडलेली नाही. घरात समारंभ असला की एका खोलीत पंधरा माणसं दाटीवाटीने उभी राहतात. म्हणजे हजार किलो झालेच की. तेव्हा कोणी स्लॅबची चिंता करतं का?

शेवाळ
आधी वजन नीट मांडू या, मग ठेवायचं की नाही ते बघू. बरेच जण फक्त पाणी मोजतात.

पाच बाय दोन बाय दोन म्हणजे साधारण १५० × ६० × ६० सेंमी. काठोकाठ कोणी भरत नाही. वर पाच सेंमी मोकळं सोडलं आणि काचेची जाडी वजा केली, तर सुमारे ४७५ लिटर पाणी बसतं, म्हणजे ४७५ किलो. या उंचीला १२ मिमी काच धरा. १२ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला ३० किलो असतं. तळ आणि चार भिंती मिळून जवळपास साडेतीन चौरस मीटर, म्हणजे नुसती काच शंभर किलो. पाच सेंमी वाळूचा थर ७० किलोच्या आसपास, दगड ३०, स्टँड ६०. वाळू आणि दगड जितकी जागा घेतात तितकं पाणी कमी बसतं, ते चाळीसेक किलो वजा करा. बेरीज ७०० किलो.

खाली कपाटात संप, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी, असेल तर त्यातलं पाणी वेगळं.

बीमकॉलम
शेवाळ यांनी काम सोपं केलं. मी इमारतींच्या आराखड्यांचंच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

घराच्या फरशीवर माणसं, सामान वगैरेंचा जो भार गृहीत धरतात तो बहुतेक देशांच्या मानकांत एकमेकांच्या जवळपासच आहे. भारतात चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो. अमेरिकेत चौरस फुटाला ४० पाउंड, तेही १९५ किलोच्या घरात. युरोपात दीड ते दोन किलोन्यूटन. तुमच्या टँकचा तळ ०.९ चौरस मीटर आणि वजन ७००, म्हणजे त्या तुकड्यावर चौरस मीटरला पावणेआठशे किलो. आकडा ऐकून घाबरू नका, कारण स्लॅब एकसंध असतो. टँकखालचा तुकडा एकटा ते वजन उचलत नाही, आजूबाजूचा स्लॅबही हात लावतो. पण आकडा ऐकून "बघू" म्हणून सोडूनही देऊ नका.

किती वजन, याच्याइतकाच मोठा प्रश्न कुठे ठेवलंय हा आहे. दोन टेकूंवर ठेवलेली फळी डोळ्यांसमोर आणा. मधोमध उभे राहिलात की ती सर्वांत जास्त वाकते. टेकूजवळ उभे राहिलात की तिला फारसं कळतही नाही. नुसत्या टेकलेल्या फळीचं गणित असं की टेकूपासून लांबीच्या एक दशांश अंतरावर तेच वजन ठेवलं, तर वाकवणारा जोर मधल्यापेक्षा जवळपास एक तृतीयांशच भरतो. स्लॅब चारही बाजूंनी बीमवर असेल तर गणित बदलतं, पण कल तोच राहतो. म्हणून हॉलचा मध्य ही जागा तुमच्या टँकसाठी सर्वांत वाईट.

जलपर्णी
बाबांना हे वाचून दाखवलं. ते गप्पच झाले. :(

एक भाबडा प्रश्न: हॉल चार बाय तीन मीटर आहे. बारा चौरस मीटर गुणिले २०० म्हणजे २४०० किलो. मग ७०० किलो मधोमध ठेवायला काय हरकत?

बीमकॉलम
प्रश्न भाबडा नाही, हा सगळ्यांनाच पडतो. ते २४०० किलो खोलीभर सारखे पसरलेले धरलेले असतात. तेच वजन गोळा करून मध्यावर ठेवलं तर फळीला दुप्पट वाकवतं. शिवाय त्या २४०० मधून तुमचा सोफा, कपाटं, टेबल आणि माणसं आधीच वाटा घेऊन बसलेत.

आणखी एक. खुशालचेंडू म्हणतात ती पंधरा माणसं रात्री आपापल्या घरी जातात, टँक जात नाही. काँक्रीटवर वजन कायमचं राहिलं तर ते महिनोन् महिने, वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं. पहिल्या दिवशी जेवढा वाक दिसतो त्याच्या दुप्पट-तिप्पट पुढे होऊ शकतो. याला आमच्याकडे क्रीप म्हणतात. त्याने लगेच काही कोसळत नाही, पण फरशा निघतात, खालच्या घरात गिलाव्याला चिरा दिसायला लागतात.

खुशालचेंडू
मग माझा आठ वर्षं कसा उभा आहे? माझा तर तुमच्या हिशेबाने ८०० च्या वर जाईल.

बीमकॉलम
कुठे ठेवलाय?

खुशालचेंडू
बाहेरच्या भिंतीला लागून, लांब बाजू भिंतीकडे. एक टोक कोपऱ्यात.

बीमकॉलम
बाहेरच्या भिंतीखाली सहसा बीम असतो आणि कोपऱ्यात बहुधा कॉलम. तुमच्या टँकचं वजन स्लॅबच्या मध्यापर्यंत जातच नाही, थेट बीममध्ये आणि तिथून कॉलममध्ये उतरतं. नकळत का होईना, तुम्ही घरातली सर्वांत चांगली जागा निवडलीत.

खुशालचेंडू
हे मला खरंच माहीत नव्हतं. वर "बिनधास्त ठेवा" लिहिलंय ते मागे घेतो, ताई. भिंतीला लागून ठेवा.

मोरपंखी
वाचनखूण साठवली आहे.

कातळशिल्प
भिंतीला लागून म्हणजे कोणत्याही भिंतीला का? आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये चार इंची भिंत आहे.

बीमकॉलम
नाही, बरं झालं विचारलंत. खोल्यांमधली पातळ भिंत कित्येकदा नुसती स्लॅबवर उभी केलेली असते, तिच्याखाली बीम असेलच असं नाही. तिथे टँक ठेवला तर भिंतीचंही वजन आणि टँकचंही.

आणि सगळे एक चूक हमखास करतात. बीम शोधायला आपल्याच घराचं छत बघतात. आपल्या छतात दिसतात ते बीम वरच्या मजल्याची फरशी धरून असतात. आपल्या फरशीखालचे बीम खालच्या घराच्या छतात दिसतात. बहुतेक मजले सारखेच असतात म्हणून अंदाज बरोबर निघतो, पण पहिल्या मजल्यावर राहत असाल आणि खाली पार्किंग किंवा दुकानं असतील तर रचना वेगळी असू शकते. खाली जाऊन बघा. काही इमारतींत बीम नसतातच, स्लॅब सरळ कॉलमवर टेकलेला असतो. तिथे नुसत्या नजरेने काहीच ठरवू नका.

पिंपळपान
बाल्कनीत ठेवला तर? आमची बाल्कनी मोठी आहे आणि हॉलमधली जागाही वाचेल.

बीमकॉलम
बाल्कनीत नाही. बाहेर झुकलेला स्लॅब एकाच बाजूने धरलेला असतो आणि त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. नेमकं तिथेच पावसाचं पाणी मुरून ती गंजते. वरून सगळं ठाकठीक दिसतं.

शेवाळ
आणि ऊन. बाल्कनीत थेट उन्हाने पाणी तापतं, काचेवर हिरवं शेवाळ चढतं. माशांच्याही दृष्टीने नकोच.

मातीचा_घडा
इमारतीचं झालं, आता फरशीचं बोलू. माझा चार फुटी टँक होता, लोखंडी अँगलच्या चार पायांच्या स्टँडवर. पायांना खाली साध्या रबरी टोप्या. दोन महिन्यांनी मागच्या डाव्या पायाखालची व्हिट्रिफाइड फरशी तडकली. आधी केसासारखी रेघ दिसली, मग पाय दीड-दोन मिमी खाली बसला. टँकला पीळ बसला आणि एका पहाटे कोपऱ्याच्या सिलिकॉनमधून थेंब थेंब पाणी यायला लागलं. मी तळाला बोट फिरवलं तर ओलं. पुढचा दीड तास बादल्या आणि नळी. मासे वाचले. टँक नाही वाचला.

नंतर मी हिशेब केला. एकूण सव्वातीनशे किलो, म्हणजे प्रत्येक पायावर ८० च्या वर. पाय अडीच सेंमी चौरस. टाचणीच्या टोकासारखं झालं ते. त्यातून त्या फरशीखाली पोकळी होती. आता मी सगळ्यांना सांगतो, जिथे टँक ठेवायचाय तिथली एकेक फरशी बोटांच्या पेरांनी ठोकून बघा. बद्द आवाज आला की ती फरशी काढून परत बसवल्याशिवाय टँक आणू नका.

शेवाळ
+१. लोखंडी स्टँड असेल तर पाय सुटे ठेवू नका, खालून दोन्ही बाजूंना आडवी पट्टी वेल्ड करून घ्या. स्टँडखाली १८ मिमी वॉटरप्रूफ प्लायचा सलग तुकडा टाकला तर वजन बरंच पसरतं. लाकडी कपाट केलं तर भुसा दाबून केलेला स्वस्त बोर्ड अजिबात वापरू नका. एकदा पाणी सांडलं की तो फुगतो, आणि टँकखाली पाणी सांडतंच.

रानजाई
टँकखाली थर्मोकोल टाकायचा की नाही? आमच्याकडे एक जण हो म्हणतो, एक नाही म्हणतो.

शेवाळ
दोघंही बरोबर असतील. नुसत्या काचेच्या, चौकट नसलेल्या टँकचा अख्खा तळ टेकायला हवा. वाळूचा एक खडा जरी खाली राहिला तरी काचेला तिथे टोक लागतं. म्हणून तिथे थर्मोकोल किंवा फोमची चटई टाकायची. पण ज्या टँकला खालून प्लॅस्टिकची चौकट असते त्याचा काचेचा तळ मुद्दाम अधांतरी ठेवलेला असतो, सगळं वजन चौकटीवर असतं. तिथे फोम टाकला तर तो तळाला मध्येच वर ढकलतो.

मातीचा_घडा
पण फोमने स्टँडचा उतार भरून निघतो असं समजू नका. मी तेही केलंय. फोम बारीक खाचाखोचा झाकतो, उतार नाही.

लाकूडतोड्या
लाकडी घरात राहणाऱ्यांसाठीही दोन ओळी. आमच्या वरच्या मजल्याची जमीन फळ्यांची आहे, खाली समांतर तुळया. टँकची लांब बाजू तुळयांना आडवी ठेवायची, म्हणजे तिच्याखाली तीन-चार तुळया येतात. तुळईच्याच दिशेने ठेवली तर सगळं ओझं एका-दोघींवर पडतं. फळ्यांवरचे खिळे बघितले की तुळया कुठून जातात ते कळतं, खिळ्यांची रांग म्हणजे तुळई. आमची मुलं पळाली की टँकमधलं पाणी थरथरायचं. तेवढ्यावरून मी टँक तुळया भिंतीत जिथे शिरतात तिथे हलवला. रिकामा करून, अर्थात. भरलेला किंवा अर्धा भरलेला टँक कधीही सरकवू नये.

जलपर्णी
सगळ्यांचे मनापासून आभार, इतक्या आपुलकीने लिहिताय. माझा सहा वर्षांचा मुलगा शेजारी बसून हे ऐकतोय. तो विचारतो, "पाणी एवढं जड असतं तर त्याच्याखाली मासा चेपत का नाही?" मला धड उत्तर देता आलं नाही.

खडूफळा
काय सुंदर प्रश्न! मी शिकवते, म्हणून राहवत नाही. त्याला सांगा, पाणी फक्त वरून दाबत नाही, सगळ्या बाजूंनी सारखं दाबतं. माशाच्या अंगातही बहुतेक पाणीच असतं, ते तितक्याच जोराने बाहेर दाबतं. म्हणून मासा मजेत असतो. आपल्याही डोक्यावर हवेचं मोठं ओझं असतं, ते आपल्याला कुठे कळतं?

काचेला मात्र आतून पाणी आणि बाहेरून नुसती हवा. आईने मोजलेल्या टँकमध्ये ५५ सेंमी पाणी भरलं तर समोरच्या काचेला एकूण सव्वादोनशे किलोइतका रेटा बसतो. तीन मोठी माणसं काचेला टेकून उभी आहेत असं समजायचं. हा रेटा पाण्याची उंची आणि काचेची लांबी यांवर ठरतो. मागे किती पाणी आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून उंच टँकला जाड काच लागते.

जलपर्णी
तो आता घरभर सांगत फिरतोय की काचेला तीन काका टेकलेत. :)

तळमजला
मी थोडा वेगळा बोलणार आहे, कारण मी दुसऱ्या टोकाला राहतो. आमच्या वरच्या घरात मोठा टँक होता.

रात्री तीनला टपटप ऐकू आलं. दिवा लावला तर छताच्या दिव्याच्या घुमटात पाणी साचून मागेपुढे हलत होतं. आधी मुख्य स्विच पाडला. वर धावलो. टँक फुटला नव्हता. बाहेर ठेवलेल्या फिल्टरची नळी सुटली होती आणि ती टँकच्या तळापर्यंत गेलेली होती, त्यामुळे सायफन लागून, म्हणजे पाणी नळीतून आपोआप खाली ओढलं जाऊन, जवळजवळ सगळा टँक रिकामा होऊन गेला. आमची गादी, कपाटाचा खालचा कप्पा आणि माझ्या आजोबांची हाताने लिहिलेली वही, एवढं भिजलं. वहीची पानं पंख्याखाली एकेक सुटी करून वाळवली. शाई पसरली ती पसरलीच.

वरचं कुटुंब भलं होतं, त्यांनी सगळं भरून दिलं. वही भरून देता येत नाही. स्लॅब पडेल का, याची काळजी सगळे करता, चांगलंच आहे. पण स्लॅब पडण्यापेक्षा पाणी खाली येणं कितीतरी जास्त वेळा घडतं. टँक आणण्याआधी खालच्या घरी जाऊन सांगा. रात्री दार वाजवायला लागलंच तर नावाने हाक मारता यावी इतकी ओळख ठेवा.

मोरपंखी
वहीचं वाचून गलबललं.

शेवाळ
तळमजला, वाईट वाटलं वाचून. तुमच्या अनुभवातून शिकण्यासारखं लिहून ठेवतो.

बाहेरच्या फिल्टरच्या नळ्या क्लिपने आवळा आणि दर साफसफाईनंतर हाताने ओढून बघा. पाणी आत खेचणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीखाली दोन-तीन सेंमीवर छोटं भोक पाडलं, तर नळी पुढे सुटली तरी पाणी तिथवर उतरल्यावर त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. पंप जोरात असेल तर त्यातून थोडी हवा ओढली जाते, म्हणून भोक पातळीच्या फार जवळ नको, आणि ते शेवाळाने बुजत नाही ना हे दर आठवड्याला बघायचं. संप असेल तर वीज गेल्यावर वरून जेवढं पाणी परत येतं तेवढं मावायला त्यात रिकामी जागा हवी. पहिल्याच दिवशी स्विच बंद करून बघा, कागदावर हिशेब नको. हवेचा पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलात तर नळीत पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह घाला.

विजेचं: प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी प्लगच्या खाली झोळ पडेल अशी सोडा. वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, प्लगमध्ये जात नाही. आणि ३० मिलिअँपिअर गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) नसेल तर टँकआधी तो बसवा. आपण रोज त्या पाण्यात हात घालतो.

पिंपळपान
पाण्याची पातळी उतरली की वाजणारा अलार्मही मिळतो ना?

शेवाळ
मिळतो. जमिनीवर ठेवायचा, ओल लागली की वाजणाराही मिळतो. स्टँडच्या मागे एक टाकून ठेवा.

कातळशिल्प
भूकंपाचं कोणी बोललं नाही. आमच्याकडे एकदा सौम्य धक्का बसला होता. भांडी हलली नाहीत, पण टँकमधलं पाणी डावी-उजवीकडे झुलत झुलत दोन्ही टोकांनी बाहेर पडलं. धक्का थांबल्यावरही ते हेलकावत होतं.

बीमकॉलम
बरोबर निरीक्षण. चार फुटी टँकमध्ये ४० सेंमी पाणी असेल तर त्याचा एक पूर्ण झोका साधारण १.४ सेकंदाचा असतो. जमिनीची किंवा इमारतीची हालचाल त्या तालाला जुळली तर थोड्या धक्क्यानेही पाणी मोठं झुलतं. वरच्या मजल्यांवर इमारत जास्त हलते. म्हणून वर पाच सेंमी मोकळी जागा आणि झाकण हवंच. स्टँड उंच आणि अरुंद नको. भूकंपप्रवण भागात स्टँड भिंतीला जखडून घ्या, पण फक्त स्टँड. काच भिंतीला टेकता कामा नये.

आणि ताई, इतकं लिहूनही सांगतो: मी तुमचं घर पाहिलेलं नाही. वीस वर्षांची इमारत आहे. टँक ठरवण्याआधी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा, इमारतीचा मूळ आराखडा मिळाला तर त्यांना दाखवा. खालच्या घरात छताला गंजाचे तांबूस डाग, सळईच्या रेषेत चीर किंवा पोपडे दिसतात का ते बघा. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट उचकटते. तशा स्लॅबवर मी रिकामा टँकसुद्धा ठेवू देणार नाही.

जलपर्णी
तीन आठवड्यांनी परत आले. थोडं लांबलचक आहे, पण तुम्हाला सगळं सांगायलाच हवं.

तळमजला यांचं वाचून मी आधी खाली गेले. खालच्या काकूंनी आनंदाने छत बघू दिलं. आमच्या हॉलच्या बरोबर मध्याखाली, पंख्याच्या हुकाजवळ, तळहाताएवढा तांबूस डाग होता. काकू म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, रंगाचा असेल म्हणून सोडून दिलं." दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आल्या. त्यांनी छोट्या हातोडीने डागाभोवती ठोकून ऐकलं, मग पटाशीने गिलावा उचकटला. गिलावा हातात आला आणि मागे सळई, बोट लावलं की पापुद्रे निघत होते. आमच्या जेवणाच्या टेबलाजवळची फरशी धुताना पाणी वर्षानुवर्षं सांध्यातून झिरपत होतं. बाबांना मधोमध टँक ठेवायचा होता ती नेमकी हीच जागा.

स्लॅबची दुरुस्ती सुरू झाली आहे. इंजिनिअरनी आमच्या बाहेरच्या भिंतीला लागून, दोन कॉलमच्या मधली जागा सुचवली, खाली रुंद बीम आहे. त्या म्हणाल्या, तिथे पाच फुटीही चालला असता. पण बाबांनीच हट्ट सोडला. "चार बाय दीड बाय दीड बास झाला. मला मासे बघायचेत, आकडे नाही," म्हणाले. ३२५ किलोच्या आत बसतंय सगळं.

तळमजला
ताई, तुम्ही खाली गेलात हे वाचून फार बरं वाटलं. टँक दूरच, त्या काकूंच्या डोक्यावरचा गिलावाच केव्हातरी पडला असता.

खुशालचेंडू
मीही काल खाली जाऊन छत बघून आलो. स्वच्छ आहे. आठ वर्षांत पहिल्यांदा गेलो.

जलपर्णी
स्लॅबचं काम संपलं, इंजिनिअर पुन्हा येऊन बघून गेल्या. काल टँक बसवला. लोखंडी स्टँड, खालून आडव्या पट्ट्या, त्याखाली प्लाय, वर फोम. फरशा ठोकून बघितल्या, एक बद्द निघाली ती बदलली. बाबांनी पाणसळ चारही कडांवर ठेवून बुडबुडा मध्यावर आणला. मग एक तृतीयांश पाणी भरून रात्रभर ठेवलं.

आज सकाळी पाण्याच्या रेषेला चार कोपऱ्यांत चिकटपट्टी लावून मोजलं. डावा मागचा कोपरा तीन मिमी खाली आहे. काचेखाली पातळ पुठ्ठा सरकवून चालेल का?

मातीचा_घडा
काचेखाली काहीही सरकवू नका! पाणी काढा, टँक उतरवा आणि पाचर स्टँडच्या पायाखाली घाला. काचेखाली पाचर म्हणजे मी भोगलं तेच.

शेवाळ
सहमत. चार फुटांत तीन मिमी म्हणजे फार नाही, पण तो उतार आहे की पीळ हे बघा. डावीकडचे दोन्ही कोपरे सारखे खाली असते तर उतार. एकच कोपरा खाली म्हणजे पीळ, आणि सिलिकॉनला पीळ सोसत नाही. स्टँड सरळ करा, परत एक तृतीयांश भरा, रात्रभर थांबा, मोजा. मग दोन तृतीयांश, मग पूर्ण.

जलपर्णी
केलं. लोखंडी पातळ पट्टी पायाखाली गेली. आता पूर्ण भरलाय, तीन दिवस झाले, चारही पट्ट्यांवर पाणी एका रेषेत आहे. मागे ठेवलेला कोरडा कागद अजून कोरडा आहे. बाबा रोज सकाळी तो काढून बघतात आणि परत ठेवतात.

मासे कधी सोडू?

शेवाळ
घाई नको. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट संपवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे द्या. टँकमध्ये मासा नसतानाही त्या जिवाणूंना अमोनियाचं थोडं खाद्य लागतं, ते घालत राहा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की दोन-चारच मासे सोडा, मग हळूहळू वाढवा.

जलपर्णी
बाबांना सांगितलं, सहा आठवडे थांबायचंय. ते म्हणाले, चालेल. आता रात्री हॉलचे दिवे बंद करून रिकाम्या टँकसमोर खुर्ची टाकून बसलेत. नातू शेजारी. खालच्या काकूही वर येऊन बघून गेल्या.